दामाजीच्या टेपचा ॲडाप्टर

पाटीतून तिने चार वस्तू काढून काउंटरवर मांडल्या: एक टेपरेकॉर्डर, एक जळका ॲडाप्टर, एक कॅसेट आणि कॅसेटवर गुंडाळलेला रुमाल. पाटीत तीन पापलेटं उरली होती.

"भाच्याचा हाय," दगडाबाई म्हणाली. "दामाजीचा. मस्कतवरना आणलेला. उद्या त्याच्या पोराची हलद. मी बाजारात येते, तर दिला माज्याच डोक्यावर."

कोपरीतलं हे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बाबांचं. मला बीएस्सी होऊन दोन महिने झाले होते आणि नोकरी लागेपर्यंत काउंटर माझ्याकडे होता. दगडाबाई बाळकुमची. आठवड्यातून दोनदा आमच्याकडे मासळी द्यायची. गावच्या लग्नांत धवले गाणारी, म्हणजे धवलारीण, तीच, हेही मला ठाऊक होतं.

मी मीटर लावला. ॲडाप्टरमधून काहीच येत नव्हतं.

"मेला?" तिने आशेने विचारलं.

"मेला. पण दुसरा मिळेल."

"नाय मिलत बोल ना गो बाय. सगल्या ठाण्यात नाय मिलत."

"का?"

तिने कॅसेटकडे बोट केलं. "मालू. माज्या हाताखाली शिकली. आता सगल्यांना हिचीच कॅसेट पायजे. मांडवात मी बसणार पाटावर, नि गाणार कोण, तर डबा."

"मावशी, ॲडाप्टर नसला तरी चार मोठे सेल टाकून चालतो हा."

"ते दामाजीला सांगू नको."

खोक्यात सहा व्होल्टचे तीन ॲडाप्टर होते. एकाची पिन बसली, पण तिच्या मधोमध अधिक होतं आणि या टेपला तिथे उणे लागत होतं. तसाच लावला असता तर टेपही जळला असता. दगडाबाईने हे नीट समजून घेतलं आणि म्हणाली, "तसाच दे."

मी हसले. ती हसली नाही. मी वायर कापून उलटी जोडली, सोल्डरचा डाग दिला आणि कॅसेट लावली.

मालूचा आवाज स्वच्छ होता. दगडाबाई मान खाली घालून ऐकत होती, ओठ हलत होते. "चाल माजी," ती पुटपुटली. "इथं श्वास घ्यायचा, तोपण मीच दाखवलेला." मग तिने मान वर केली. "थांबव. नवऱ्याच्या आईचं नाव काय घेतलं?"

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "मनुबाई."

"दामाजीच्या बायकोचं नाव शांताबाई. ही कॅसेट दुसऱ्याच लग्नात भरलेली." तिचा चेहरा उजळला. "हलद ह्या पोराला, नि आई दुसऱ्याची? कसं चालेल? दामाजीला सांगते, मीच म्हणणार."

तिने पदर खोचला. "घड्याल लाव. हलद लागेस्तोवर धवला तुटायचा नाय, माजी आई सांगायची. हिचा किती चालतो बघ, मग माजा."

मी पहिल्यापासून लावला. टेपवर तो धवला अखंड चार मिनिटं दहा सेकंद चालला. मी टेप बंद केला. दगडाबाईने शांताबाईचं नाव घेऊन सुरुवात केली. तिचा आवाज मालूपेक्षा भरदार होता. समोरचा रिक्षावाला वळून बघू लागला. एका ओळीच्या मध्यावर ती थांबली, काउंटरला हात टेकून खोकली आणि तिने पदराने तोंड पुसलं.

"किती झालं?"

मी घड्याळ तिच्यापुढे धरलं.

"मला वाचता येत नाय. सांग."

मी होतं तेच सांगितलं, "एक मिनिट पस्तीस सेकंद."