माहेरचे सहा मासे

मी तानुबाई. आमचं गाव पूर्णेकाठचं, खाऱ्या पाण्याचं. डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही. म्हणून माझ्या चांगुणाले मी संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी दिली. गोड्या पाण्याचं गाव! केवढा तोरा मिरवला होता मी.

आन त्याच गोड्या विहिरीचं पाणी पिऊन तिच्या पायातून नारू निघाला, हातभर दोऱ्यासारखा किडा. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिले सातवा महिना; दुसरा नारू निघाला तं बाळंतपणात पोरगी उभी कशी राहील? आमच्या विहिरीत मासे आहेत, ते पाण्यातले बारीक किडे खातात, आमच्याकडे कोणाले नारू नाही. म्हटलं, मासेच घेऊन जाते.

तांब्याची घागर चिंचेनं घासून लख्ख केली. लेकीच्या घरी काळी घागर कशी न्यावी? विहिरीचा गाळ काढताना मासे दोन-दोन दिवस त्याच घागरीत राहत, कधी एक मेला नाही. विहिरीच्याच पाण्यात सहा मासे तिच्यात सोडले. माझ्यासाठी मडक्यात आमचंच खारं पाणी घेतलं. गोडं मले बेचव लागते.

वाटेत झरा लागला. मासे बिचारे जन्मभर खारं पेलेले. यायले आतापासूनच गोड्याची सवय लागू दे म्हणून खारं पाणी ओतून घागर झऱ्याच्या पाण्यानं भरली. मंग गाडीत डोळा लागला. मासे घागरीतून निघून पळसाच्या झाडायमधून पोहून राह्यले होते, आन चांगुणा लहान होऊन त्यायच्या मागं धावत होती, धडधाकट पायानं. वाटे, गाव येऊच नये.

गाव आलं. पाच मासे पांढरं पोट वर करून पडले होते. सहावा पाण्यावर तोंड काढून धापत होता.

व्याही भगवानराव शाळेत मास्तर. त्यायनं घागर पाह्यली, पाणी कुठचं ते विचारलं.

"विहीणबाई, तांबं पाण्यात उतरते. तुमच्या पाण्यातले क्षार त्याले धरून ठेवतात. गोड्या पाण्यात ते मोकळं सुटते आन माशाच्या कल्ल्याले बाधते. त्यात घागर चिंचेनं घासलेली, वरचा काळा थरही गेला."

गोडं पाहून मासे मारले. गोडं पाहूनच लेक दिली होती. व्याह्यासमोर मी ओक्साबोक्शी रडले.

चांगुणा लंगडत आली. तिनं सहावा मासा ओंजळीत घेतला आन माझ्या मडक्यात सोडला. आम्ही दोघी वाकून पाहत बसलो, किती वेळ कोण जाणे. मंग शेपटी हलली. रोज थोडं थोडं गोडं पाणी घालून मंग याले विहिरीत सोडू, असं मास्तर म्हणाले. बाकीचे मी मडक्यातूनच आणीन म्हटलं.

चांगुणा मडक्यावरचा हात काढेना.

"आई, येताना एक मडकं माझ्यासाठी आण. मासे नको त्यात. नुसतं पाणी."