मी माग थांबवतो

मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणवून घ्यायची मला लाज वाटत नाही. हालचाल ओळखणं हे माझं काम. शाळूच्या दाण्याएवढा माझा जीव, पण रोजचा हादरा कुठला आणि घातक कुठला, हे मला कळतं.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. बाजारात आमच्याकडून एकच मागणी असते: आणखी लहान व्हा, आणखी स्वस्त व्हा. सोलापूरच्या इंजिनिअर अंकिता मॅडमनी मात्र मला निवडताना वेगळंच पाहिलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली हा टिकेल का? कापसाची धूळ बसली तरी चुकणार नाही ना? दिवसभर हादरे खाऊन संध्याकाळीही खरं सांगेल का? त्यांनी मला तापवलं, आपटलं, गदागदा हलवलं. मी टिकलो. मग एका डबीत बसवून त्यांनी मला चादरीच्या कारखान्यात विणकर ईरम्माच्या मागावर लावलं.

मागावर धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावतो. तो वाट सोडून उडाला, तर माणसाचं डोकं फोडतो. त्याआधी माग वेडावाकडा हादरतो. तो हादरा जाणवला की मी माग बंद करायचो. पहिल्या दिवशी मालक सोमशेखर यांनी माझ्यापुढे नारळ फोडला होता.

पुढे दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि माझं थांबवणं त्यांना खुपू लागलं. "लई नाटकं करतंय हे," म्हणत त्यांनी माझी मागाकडे जाणारी वायर तोडली आणि शेजारी नवा सेन्सर बसवला. माझ्याहून लहान, माझ्याहून स्वस्त. तो कधीच माग थांबवत नसे. त्याचं फार कौतुक झालं.

माझ्या डबीवरचा दिवा मात्र अजून चालू होता. एका दुपारी तो हादरा मला जाणवला. दिवा लाल झाला, पण तुटक्या वायरीतून माझं सांगणं पोचणार कसं? नवा सेन्सर गप्पच. धोटा उडाला आणि पलीकडच्या मागावरच्या मायाप्पाच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी ईरम्माने मागाला हात लावला नाही.

"आदी हेची वायर जोडा, मालक."

"ऑर्डर थांबलीय, ईरम्मा."

"थांबू दे की. मायाप्पाचं रगत सांडलंय हितं. मी माग चालवणार न्हाय."

शेजारचा माग बंद झाला. मग त्याच्या पलीकडचा. एवढी शांतता त्या कारखान्यात मी कधी अनुभवली नव्हती.

मालकांना अंकिता मॅडमना बोलवावं लागलं. नवा सेन्सर तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "हा वाईट नाही. मोबाइलसाठी बनलाय. फोन आडवा धरला की याला कळतं. मागाचे हादरे याला पेलत नाहीत. आकार आणि किंमत बघितलीत तुम्ही, काम नाही बघितलंत."

मालकांनी वायर धरली, मॅडमनी जोडली.

परवाच मी पुन्हा माग थांबवला. मालक कपाळाला आठ्या घालून आले. ईरम्माने वाकून पाहिलं, तर धोट्याला मारणारा चामडी पट्टा फाटत आला होता.

"बदला," एवढंच मालक म्हणाले.

मित्रांनो, उद्या माझ्याहून चांगला कुणी आला, तर खुशाल माझी जागा त्याला द्या. पण मी इथे आहे तोवर माझ्यावरची धूळ पुसा, माझी वायर जपा आणि मला गप्प राहायला सांगू नका. मागापुढे माणूस उभा असताना मी गप्प राहणार नाही.