माप त्याचं, करवत तिची

दवाखान्याच्या धुलाईघरात तिला सगळ्या बायका सुतारीणबाई म्हणायच्या. नवरा सुतार, एवढंच कारण. पंचावन्न वर्षांत तिने स्वतः साधा खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. घरात कॅलेंडर टांगायचं झालं तरी ती ते खुर्चीवर ठेवून नवऱ्याची वाट बघायची आणि तो म्हणायचा, "सुताराच्या घरात कॅलेंडर खुर्चीवर, लोक काय म्हणतील!"

आठ महिन्यांपूर्वी सुताराला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. काठी टेकत का होईना, पाय चालू लागला. बोलणं जड झालं, पण समजायचं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तो हात डाव्या हाताने उचलून सुतार मांडीवर ठेवायचा, परक्या माणसाचं सामान सांभाळावं तसा.

त्या दिवशी ती चार वाजता घरी आली. सकाळपासून ओल्या चादरी ओढून तिचे खांदे भरून आले होते. नवरा दारातच खुर्ची टाकून बसला होता आणि कधी नव्हे तो त्याचा चेहरा उजळला होता.

"छोटीचा फोन आला होता," तो म्हणाला. छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. आता पन्नाशीची झाली तरी घरात छोटीच. "लेकाचं लग्न आहे ना. तीस टेबलं मांडणार आहेत. प्रत्येक टेबलावर मेणबत्तीचा लाकडी स्टँड हवा म्हणाली. विकतचा नको, दादाच्या हातचा हवा."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

तिने मांडीवरच्या हाताकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"लाकडाचं काय, मागे ढीग पडलाय," तो घाईघाईने म्हणाला, जणू अडचण लाकडाचीच होती.

नाही म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण गेल्या आठ महिन्यांत हा माणूस कशालाच हो म्हणाला नव्हता. दाढी करायला नाही, व्यायामाला नाही, कोणाकडे जायलाही नाही. तिने काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि मागच्या शेडची किल्ली घेतली.

शेडमध्ये कोपऱ्यात उरलेल्या लाकडांचा ढीग होता. दारांच्या चौकटींचे तुकडे, मोडक्या टेबलांचे पाय, खोक्यांच्या फळ्या. जाळायच्या लायकीचं म्हणून ती ते कितीदा फेकायला निघाली होती. सुतार खुर्चीत बसून एकेक तुकडा डाव्या हाताने तोलायचा. "हा घे. हा नको, चिरलाय. त्यातला खिळा आधी काढ, नाहीतर करवतीचे दात जातील."

"माझे गेले तरी चालतील ना?"

"तुझे आहेत किती?" तो म्हणाला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा दोघं हसली.

हसणं तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून नुसती धुसफूस. चारला घरी यायचं, चहा टाकायचा, साडेचारला शेडमध्ये जायचं. मापाच्या खुणा करायच्या, लाकूड शिकंज्यात आवळायचं, करवत चालवायची. मग मधोमध ड्रिल मशीनने भोक पाडायचं, मेणबत्तीचं बूड घट्ट बसेल असं. ज्योत खाली आली तरी लाकूड पेटू नये म्हणून त्या भोकात पत्र्याची छोटी वाटी बसवायची. ऐकायला सोपं होतं. पण तिच्या हातात मशीन थरथरायचं, भोक तिरकं जायचं नाहीतर सैल व्हायचं, आणि मेणबत्ती दारू प्यायल्यासारखी कलायची.

"दाबू नकोस गं. लाकूड मशीनच खातंय, तू फक्त सरळ धर."

"सरळच धरलंय."

"ह्याला सरळ म्हणतात?"

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुमचं! या खाली आणि धरा."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पाच मिनिटांनी तो पुन्हा म्हणाला, "आता डावीकडे जातंय." त्याच्या आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं लाकडाशी बोललेला माणूस, चुकीचं भोक बघून त्याला राहवेना, इतकंच.

सहाव्या दिवशी लागोपाठ तिसरा तुकडा फुटला. तिने मशीन बंद केलं आणि भुश्शातच फतकल मारली. तळहाताला फोड आले होते. गुडघ्यांत कळ होती. रडूही येत नव्हतं, त्यालाही जोर लागतो.

"मी दमले," ती म्हणाली.

"मग उद्या कर."

"उद्याही दमलेलीच असेन. परवाही. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

काठी शोधून तो उठला आणि एकटाच घरात गेला. ती तिथेच बसून राहिली. समोर अकरा स्टँड झाले होते, तेही खडबडीत, हात फिरवला तर कुसळ जाईल असे.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर दारातली खुर्ची रिकामी. ती मागे धावली. सुतार शेडमध्ये बसला होता. दोन गुडघ्यांत एक स्टँड दाबून धरलेला, डाव्या हातात पॉलिशपेपर. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. सकाळपासून त्याचे दोनच स्टँड घासून झाले होते. तिने त्यावरून बोट फिरवलं. कडा लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या.

तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. तिने पुढचा स्टँड त्याच्या हाताशी सरकवला आणि करवत उचलली.

असे ते तीस स्टँड झाले. लग्नाच्या दोन दिवस आधी तिने त्यांना जवसाचं तेल लावलं तेव्हा टाकाऊ लाकडाचे रंग वर आले. कुठलं मधासारखं, कुठलं जवळजवळ काळं. बारकाईने बघितलं तर चार-पाच किंचित तिरके होते. सुतार म्हणाला, "ते कोपऱ्यातल्या टेबलांवर ठेवायला सांगू."

लग्नाच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांवर ते स्टँड खरंच देखणे दिसत होते. छोटी, रेशमी कपड्यांत घामाघूम झालेली, येईल त्या पाहुण्याचा हात धरून टेबलापाशी आणायची. "हे बघा, सगळे माझ्या दादाने केलेत! आजारातून उठून!" लोक सुताराचा खांदा थोपटत होते. तो मान हलवत होता, हसत होता. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. फोड आलेले तळहात कोणाला दिसू नयेत म्हणून तिने मुठी मिटल्या होत्या. मिरवू दे, ती मनाशी म्हणत होती. तेवढंच त्याला बरं वाटतंय.

तेवढ्यात हॉलचा मॅनेजर आला. गोड बोलणारा माणूस. "काका, काय हात आहे तुमचा! पुढच्या महिन्यात आमच्याकडे मोठा समारंभ आहे. असेच साठ करून द्याल का?"

सुताराचं तोंड उघडलं. त्यातून कुठला शब्द निघणार, हे तिला दिसलं.

"नाही," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच निघालं. टेबलावरचे सगळे तिच्याकडे वळले.

"अगं वहिनी," छोटी समजुतीच्या सुरात म्हणाली, "करू दे की त्याला. तेवढाच विरंगुळा."

"विरंगुळा त्यांना होतो, वन्सं. करवत माझ्या हातात असते." तिने मुठी उघडून टेबलावर ठेवल्या. "मी दिवसभर उभी असते. मला नाही जमणार."

छोटीने त्या तळव्यांकडे बघितलं, मग दादाकडे. सुताराची मान खाली गेली होती. कान लाल झाले होते. बायकोला वाटलं, चारचौघांत आपण याचा पाणउतारा केला. पण शब्द परत घ्यायचीही ताकद नव्हती.

मग सुतार बोलला. एकेक शब्द ओढून काढत बोलला. "हिनेच... केलेत. मी माप सांगितलं. आणि घासले." त्याने श्वास घेतला आणि मॅनेजरकडे बघितलं. "ती नाही म्हणाली ना. मग नाही."

मॅनेजर हसत हसत मागे सरला. छोटी खुर्ची ओढून वहिनीशेजारी बसली. पाहुणे हाका मारत होते तरी बराच वेळ उठली नाही.

घरी परतताना दोघं बसमध्ये बसली. दोन थांबे गेल्यावर तो म्हणाला, "तू दमलीस ते मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काम थांबवावं लागलं असतं. आणि थांबलं असतं तर मग मी..."

"मला कळत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर करत राहिले. पण कळलं म्हणून खांदे दुखायचे थांबत नाहीत हो."



पुढच्या आठवड्यात सुतार काठी टेकत चौकातल्या फर्निचरवाल्याकडे एकटाच जाऊन आला. घासायची काही बारीक कामं असतील तर घरी पाठवा, म्हणून सांगून आला. आता तिथून खुंट्या येतात, ड्रॉवरच्या मुठी येतात, लहान डबे येतात. दिवसाला पाच-सहा होतात. छोटी रविवारी येते, दादाला व्यायाम करायला लावते आणि वहिनीला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही.

ती मात्र अजून तशीच दमून घरी येते. चादरी काही हलक्या झालेल्या नाहीत. पण आता चारला आली की ती सरळ आडवी होते. मागून पॉलिशपेपरचा आवाज येत असतो.

काल तो आवाज मध्येच थांबला. "अगं, जरा हे धरतेस का?" त्याने शेडमधून हाक मारली.

तिने ऐकलं. डोळे उघडले नाहीत. "मी झोपलेय," ती म्हणाली आणि कूस वळली.

थोडा वेळ शेडमध्ये खुडबुड चालली, काहीतरी खाली पडलं, तो स्वतःशीच पुटपुटला. मग आवाज पुन्हा सुरू झाला.