केंकेवालीचं नाव

एबो क्वान्साहने गिटार मांडीवर घेतली आणि तिसऱ्या तारेची खुंटी पिळायला सुरुवात केली. समोर, मंडपातल्या पहिल्या रांगेत, ओटूशेठचा मुलगा फिफी बकरीच्या रश्श्यात बोटं बुडवून बसला होता. ओघळ मनगटापर्यंत आले होते. एबोच्या बायकोला, अराबाला, मातीत ठेवून चार तासही झाले नव्हते आणि हा गडी फुर्र फुर्र करत नळी चोखत होता.

"काका, बाबांचं गाणं होऊ द्या आता," फिफी तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "सगळे त्याचीच वाट बघतायत."

बाबांचं गाणं म्हणे! चाळीस वर्षांपूर्वी एबोने ते अराबासाठी बांधलं होतं. ती तेव्हा सेकोंडीच्या बाजारात केंके विकायची, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, पानांत गुंडाळून. रेकॉर्ड काढणारा म्हणाला, केंकेवालीचं नाव कोण ऐकणार? लाकूडवाल्या ओटूशेठचं घाल, खर्च तो उचलतो. हायलाइफची नाचती गाणी म्हणणाऱ्यांची रीतच ती. बड्या माणसाचं नाव गाण्यात ओवायचं आणि आपलं पोट भरायचं. पुढ्यातली बिअर संपायच्या आत एबोने नाव बदललं होतं. गाणं पार राजधानीपर्यंत, अक्रापर्यंत गाजलं. बारशाला, निवडणुकीला, मयताला, सगळीकडे तेच. सेकोंडीत पोरंसोरंही ते तोंडपाठ म्हणत.

रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा अराबा केंके बांधत बसली होती.

"चाल छान जमलीय," एवढंच म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

बोलली ती थेट यंदाच्या जूनमध्ये, अंथरुणाला खिळल्यावर.

"एकदा चारचौघांत माझं नाव घालून म्हण. मी नसले तरी चालेल."

एबोने शब्द दिला होता. आता तो ढोलकवाल्या तावियाहकडे वळला.

"आज अराबाचं नाव घेणार आहे."

"कशाला काका?" तावियाह हळूच म्हणाला. "लोकांच्या जिभेवर ते बसलंय. गोंधळ होईल."

"होऊ दे."

ढोलक सुरू झाला. काळ्या-तांबड्या सुतकी कपड्यांतली माणसं खुर्च्यांवरून उठली, डोलायला लागली. एबोचा आवाज फाटला होता, पण सुरात होता.

"वारा कुठंही नेवो, होडी शेवटी कुणाच्या किनाऱ्याला?"

आणि त्याने नाव घेतलं. "अराबाच्या!"

"ओटूच्या!" अख्खा मंडप एका तोंडाने म्हणाला.

अराबाचं नाव त्यात कुठल्या कुठे बुडालं. त्याने ओळ पुन्हा घेतली, छाती फुटेस्तोवर अराबा म्हटलं. पुन्हा ओटू. फिफी उठून पांढरा रुमाल फिरवायला लागला. रुमालाला रश्श्याचे डाग होते. एबोला फिफीची किळस आली, आणि लगेच कळलं की खरी किळस त्याची नाहीच. या माणसांच्या तोंडी हे नाव घातलं कुणी? चाळीस वर्षं, दर शनिवारच्या मयताला, याच गळ्याने.

त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. आता पुढच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने डोळ्यांना पदर लावला.

"बिचारा," ती म्हणाली. "भान नाही राहिलं त्याला."

अराबाची धाकटी बहीण अबा गर्दीतून वाट काढत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने एबोच्या कपाळावरचा घाम टिपला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या, दाजी. आजच्या दिवशी डोकं कुणाचं ठिकाणावर असतं? नाव चुकायचंच."

"चुकलं नाही, अबा."

"बरं, बरं," ती लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली.

मग तिने त्याच्यासमोरचा माइक आपल्याकडे ओढला, हुंदका गिळला आणि बहिणीसाठी ती ओळ स्वतः म्हटली, ओटूचं नाव घालून.