कारणाचा रकाना

आमच्या भूकंप केंद्रात खोडरबर ठेवत नाहीत. वहीत चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा जुना शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर शब्द लिहून सही करायची. एकोणीस वर्षांत माझ्या वह्यांमध्ये अशा रेघा अगदी बोटावर मोजण्याइतक्या. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. माझी मोठी बहीण म्हणायची, "हिची चूकसुद्धा बरोबरच असते."

काम तसं साधं. तळघरात खडकावर पक्कं बसवलेलं भूकंपमापक आहे. वरच्या खोलीत कागद गुंडाळलेलं एक नळकांडं सावकाश फिरतं आणि सुई त्यावर रेघ ओढत राहते. सकाळी नऊला कागद बदलायचा, भिंगातून रेघ तपासायची आणि सुई थरथरली असेल तिथली वेळ वहीत लिहायची. शेवटचा रकाना कारणाचा. ट्रक गेला. दार आपटलं. मी शिंकले. कारण ओळखीचं असेल तर विषय संपला, नसेल तर मुख्य कार्यालयाला फोन. चोवीस किलोमीटरवर दगडखाण आहे. तिथल्या सुरुंगांसाठी मी नुसतं "खाण" लिहायची.

त्या दिवशी सातवीचा वर्ग केंद्र बघायला आला होता.

"जमिनीखाली सगळा लाव्हाच भरलेला असतो ना?" एकाने विचारलं. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

"अरे बाबा, नाही! वरचं भूकवच म्हणजे पातळ पापुद्रा. त्याखालचं प्रावरण दगडाचंच आहे, घट्ट. पण इतकं तापलेलं की ते मुंगीच्या पावलानं सरकत असतं. वितळलेला आहे तो त्याच्याही खालचा, बाह्य गाभा. वरचा सगळा कडक थर फुटून त्याचे मोठमोठे तुकडे झालेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. कडा एकमेकींत अडकतात, ताण साचत जातो आणि एक दिवस सुटतो. तो भूकंप."

"आणि ज्वालामुखी?"

मी खिडकीतून दिसणारा डोंगर दाखवला. "तिकडे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतोय. सोबत पाणी मुरलेला खडक खोल जातो. त्या पाण्यामुळे वरचा तापलेला दगड थोडा वितळतो. तो शिलारस वर यायला वाट काढतो, खडक तडकवतो. म्हणून उद्रेकाआधी बरेचदा बारीक बारीक धक्के बसतात."

त्याच डोंगराच्या उतारावर माझ्या ताईची रोपवाटिका आहे, हे मी मुलांना सांगितलं नाही.

मग सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या, सुई नाचली, मी वहीत वेळ टाकून "मुलं" लिहिलं आणि खोलीभर हशा पिकला. एक मुलगी तेवढी हसली नाही. बाई तिला शंकासूर म्हणत होत्या. ती माझी वही वाचत होती.

"मॅडम, इथे काल तीन वाजता खाण लिहिलंय."

"हो, सुरुंग लावतात तिथे."

"पण माझे बाबा खाणीतच कामाला आहेत. दगडात भोकं पाडायचं मशीन बिघडलंय. अठरा दिवस झाले, खाण बंद आहे. बाबा घरीच असतात. आई वैतागलीय."

वर्ग पुन्हा हसला. मीही हसले, पण वहीची मागची पानं उलटत होते.

बस गेली तशी मी अठरा दिवसांचे कागद टेबलावर पसरले. धक्का बसला की दोन लहरी निघतात. प्राथमिक लहर चपळ, ती आधी पोचते. दुय्यम लहर रमतगमत मागून येते. जागा जितकी लांब तितका दोघींमध्ये उशीर, उशिराच्या दर सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर अंतर. खाण असती तर तीन सेकंद भरायला हवे होते. मी मोजले, पाच भरले. पुन्हा मोजले, पाचच. म्हणजे चाळीस किलोमीटर. डोंगर बरोबर तेवढ्यावर आहे.

अठरा दिवसांत मी तेवीस वेळा "खाण" लिहिलं होतं. एकदाही मोजलं नव्हतं. अंगवळणी पडलेलं काम माणूस डोळे मिटून करतो, आणि मी तर स्वतःला डोळस समजत होते.

मुख्य कार्यालयाला फोन लावला. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "तेवीस?" मी म्हटलं, "तेवीस." दुसऱ्या केंद्रांच्या कागदांवर हे धक्के इतके पुसट होते की त्यांनीही सोडून दिले होते. आता सगळ्यांच्या वेळा जुळवल्या आणि संध्याकाळपर्यंत जागा ठरली. धक्के डोंगराच्या पोटातच होते. उतारावरच्या वस्त्यांना घरं सोडायच्या सूचना गेल्या.

ताई हलणार नाही, हे मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी नुसत्या संशयावरून मी तिला हट्टानं खाली आणलं होतं. काही झालं नाही. अकरा दिवसांत तिची सगळी रोपं वाळून गेली आणि ती दोन महिने माझ्याशी बोलली नव्हती.

"ताई, खाली ये."

"परत सुरू झालं का तुझं? मागच्या वेळी शंभर टक्के म्हणाली होतीस."

"ऐक ना, प्राथमिक लहर आणि दुय्यम लहर यांच्यात..."

"ते शाळेच्या पोरांना सांग. मी पाणी घालतेय, ठेवते."

"ताई, मी चुकले."

पलीकडे पाइपमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहिला.

"कधी? तेव्हा?"

"तेव्हाही. आणि आताही. अठरा दिवस धक्के बसतायत आणि मी खाण, खाण लिहीत बसले. सातवीतल्या एका पोरीनं मला दाखवून दिलं. उद्या काय होईल ते मला माहीत नाही गं, कुणालाच सांगता येत नाही. पण मला भीती वाटतेय." मी चक्क रडत होते.

"तू चुकलीस," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"मग खरंच काहीतरी असणार. थांब, पाणी बंद करते आणि निघते."

सहाव्या दिवशी दुपारी डोंगरानं राख टाकली. उद्रेक तसा लहान होता आणि वस्त्या रिकाम्या होत्या, कुणाला खरचटलंही नाही. फक्त ताईच्या शेडचं छप्पर राखेच्या भारानं खाली आलं. एरवी दिवसभर ती त्याच छपराखाली बसून कुंड्या भरायची.

तेवीस धक्क्यांची तपासलेली यादी दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आली आणि मी रेघा मारायला बसले. "खाण"वर रेघ, शेजारी "डोंगर", सही. पुन्हा रेघ, पुन्हा सही. तेवढ्यात ताई डबा घेऊन जिना चढून आली. तिची पावलं पहिल्यापासूनच दणदणीत. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पानभर रेघा पाहिल्या.

"एवढ्या?"

"एवढ्या."

आता चिडवणार, असं मला वाटलं. तिनं नुसता डबा टेबलावर ठेवला आणि नळकांड्याकडे बोट दाखवलं. "आणि ही सुई आत्ता कशानं हलली गं?"

मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. वहीत वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ताई आली."