पोटाची गोळी

आईचं हसणं नेमकं कधी गेलं, ते आम्हाला कुणालाच सांगता येणार नाही. हात थरथरायला लागले ते कळलं, कारण चमचा वाटीवर वाजायचा. चेहरा मात्र हळूहळू थिजत गेला आणि आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. माझी दाओन रांगत तिच्यापुढे जायची, बोळकं दाखवायची, आणि आई भिंतीकडे बघावं तशी तिच्याकडे बघायची. शेवटी दाओननेही तिच्यापुढे हसणं सोडलं. मला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. दाओनला पाजायचं, आईला भरवायचं, दोघी निजल्या की भांडी घासायची.

आमच्या गुनसान शहरात बाजाराच्या तोंडाशी एक चार मजली इमारत आहे. वर गुडघ्यांचा, नसांचा आणि पोटाचा दवाखाना, तळाला औषधांचं दुकान. इमारत दुकानवाल्या बाईंचीच. वरच्या डॉक्टरांना भाडं हलकं, फक्त चिठ्ठ्या खाली यायला हव्यात. सगळ्या बाजाराला हे माहीत आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आई गुडघ्यांसाठी जायची. त्या गोळ्यांबरोबर पोटाची गोळी मिळायची. ती आमच्याकडे सर्दीच्या औषधाबरोबरही मिळते. नाही दिली तर म्हातारी माणसं मागून घेतात. मग हात थरथरायला लागले म्हणून नसांचे डॉक्टर. त्यांनी थरथरीची गोळी दिली, सोबत पोटाची. थरथरीच्या गोळीने मळमळायला लागलं म्हणून पोटाचे डॉक्टर. आणखी एक पोटाची. सगळं पारदर्शक पुड्यांत भरून यायचं, एका वेळेची एक पुडी, अशी पुड्यांची लांब माळ. आई पुडी फाडायची आणि तोंडात टाकायची. आत काय आहे, ते कुणी बघत नव्हतं.

माझ्या ग्युसोकदादाने शहराबाहेरच्या वृद्धांच्या रुग्णालयात खाट धरून ठेवली. "तुला एकाच वेळी दोन-दोन तान्ही कशी झेपणार?" तो म्हणाला. "महिनाअखेरीस नेतो तिला." मी हो म्हटलं.

त्या रुग्णालयाला तपासणीचा कागद हवा होता म्हणून आईला शेजारच्या इकसान शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक पुडी टेबलावर ओतली आणि पेनाच्या टोकाने तीन गोळ्या बाजूला सारल्या.

"या तिन्ही पोटाच्या. नावं वेगळी, काम एकच. थरथर बहुधा यांच्यामुळेच आहे. चेहराही."

"म्हणजे तो आजार नाही?"

"या बंद करून बघा. चेहरा परत येईल कदाचित. उशीर झाला असेल तर नाही येणार."

दाओनला पाठीशी बांधून मी त्या इमारतीत गेले. दुकानवाल्या बाईंनी माझ्या हातात शक्तीच्या पेयाची बाटली ठेवली. "दाओनची आई, चिठ्ठीत असेल ते मी भरते. माझ्याशी कशाला भांडतेस? वर जा."

गुडघ्यांचे डॉक्टर हसले. "काढून टाका हवं तर. पण मी लिहिणार. नाही लिहिली तर उद्या आजीच म्हणतील, या डॉक्टरच्या औषधाने पोट जाळलं, आणि समोरच्या इमारतीत जातील. तुम्ही आणाल का परत?"

नसांचे डॉक्टर म्हणाले, ती गोळी मुळात गुडघेवाल्यांची. पोटाचे म्हणाले, मी पोटाची गोळी नाही द्यायची तर कशाची द्यायची? तेही बरोबरच वाटलं. मी मान हलवून खाली आले.

घरी मी पुड्यांचे कोपरे कापले आणि भुवयांच्या चिमट्याने पोटाच्या गोळ्या एकेक करून काढायला बसले.

"पोटाचं काय गं?" आईने विचारलं.

"पेज देईन."

"पेज! चांगलं विकतचं औषध फेकतेस. सासरी शिकलीस वाटतं हे?"

आवाज सपाट होता, टोमणा मात्र जुना होता. मी गोळ्या काढत राहिले.

महिनाअखेरीस दादा गाडी घेऊन आला. आईची पिशवी दारात भरून ठेवली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. दाओन पिशवीला धरून उभी राहिली आणि धपकन बुडावर पडली. आईच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. मग दुसरा. दाओनने ते पाहिलं, तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि भोकाड पसरून ती माझ्या मांडीत घुसली.

"काय झालं हिला?" दादाने विचारलं.

"मला घाबरली," आई म्हणाली. "आजी हसते, हे तिला कुठे ठाऊक आहे?"

ती अजून हसत होती. दादा जोडे न काढता दारातच उभा होता. मग त्याने खाली बसून जोडे काढले.

"खाटेचं काय?" मी विचारलं.

"कळवतो त्यांना. नको म्हणून."

मला आनंद व्हायला हवा होता. मी दाओनचं नाक पुसलं.

पुढच्या आठवड्यात आई गुडघ्यांसाठी पुन्हा त्या इमारतीत गेली आणि नवी माळ घेऊन आली. मी ती उजेडात धरली. प्रत्येक पुडीत ती पोटाची लहान पांढरी गोळी होती.

"मी नको म्हटलं होतं गं," आई म्हणाली.

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, असू द्या आजी, असलेली बरी. मग मलाही वाटलं, असलेली बरी."

मी कात्री आणि चिमटा आणला. "हिला जरा धर," म्हटलं.

आईने दोन्ही हात पुढे केले. हात जवळजवळ स्थिर होते. दाओनने आधी तिचं तोंड नीट निरखून घेतलं, आणि मग गेली.