दार शोधत फिरलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारावरची. घरात कोण राहतं ते येणाऱ्याला सांगणारी. जुनी म्हणते ती माझ्या लाकडामुळे. वसईजवळच्या गास गावात जयवंतरावांची वाडी आहे. तिथल्या विहिरीवर पूर्वी रहाट होता, त्याची मी सागाची फळी. मोटारपंप आला आणि रहाट मोडीत निघाला. माझ्या बहिणी चुलीत गेल्या, मी गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिले. पुढे जयवंतरावांच्या मुलीचं, स्वप्नालीचं, लग्न ठरलं. तेव्हा त्यांनी मला खाली उतरवलं, रंधा मारला आणि पटाशीने माझ्यावर दोन नावं कोरली, स्वप्नाली आणि परेश. शेजारी मोगऱ्याचं फूलही कोरलं. ते जरा कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं, पण मी कधी तक्रार केली नाही.

स्क्रूसाठी भोकं मात्र त्यांनी पाडली नाहीत. लेकीच्या हाती मला देताना ते म्हणाले, "पोरी, ही कोनाच्या भाड्याच्या दाराला ठोकायची नाय. सोताचं दार घ्याल, तवा मला बोलव. भोकं मी येऊन पाडनार."

झालं! एवढ्या बोलण्याने माझं नशीब टांगणीला लागलं. परेश मूळचा कोकणातला, नोकरी गोरेगावला. दोघांनी वसईतच गोखिवऱ्यात भाड्याने जागा घेतली. अकरा महिन्यांचा करार संपला की बोचकी बांधायची आणि दुसरं घर गाठायचं. प्रत्येक दारावर मालकाच्या नावाची पाटी ऐटीत बसलेली आणि मी आत जुन्या साडीत गुंडाळलेली. कधी माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवली, कधी वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला अडसर म्हणून मला लावलं. नावं कोरलेल्या सागाच्या फळीने खिडकी अडवून बसायचं! मला फार वाईट वाटायचं.

पण रविवार माझा असायचा. त्या दिवशी दोघं घरं बघायला निघत आणि मला कापडी पिशवीत घालून सोबत नेत. बाकीचे लोक फ्लॅटमध्ये शिरले की नळ सोडून बघतात, खिडक्या उघडतात. परेश आधी दार लावून घ्यायचा आणि बाहेरून मला त्यावर धरायचा. स्वप्नाली जिन्याकडे मागे सरकून बघायची. "थोडी डावीकडे घे. हां, आता आपलं घर वाटतंय." एजंट हसायचे. मग किंमत कळायची आणि मी पुन्हा पिशवीत जायचे.

शेवटी वसईच्या पूर्वेला एक फ्लॅट बसला खिशात. हरेश नावाच्या एजंटने दाखवलेला. "मॅडम, एकदम कोरा. डायरेक्ट बिल्डरकडून. अजून कोणी पाय पण नाय ठेवला आत." स्वप्नालीने लग्नातल्या बांगड्या मोडल्या, परेशने होती नव्हती ती बचत काढली. बयाण्याचा चेक माझ्याच पिशवीत, माझ्या अंगाला चिकटून होता. हा पैसा बुडाला असता तर दुसऱ्यांदा उभा राहणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चेक देण्याआधी परेशने मला बाहेर काढलं. हा हरेश हसला नाही. तो दाराला हात टेकून नेमका तिथेच उभा राहिला. "कशाला सर? रंग ओला आहे अजून."

"फक्त बघतो," परेश म्हणाला आणि त्याने हरेशचा हात बाजूला करून मला दारावर दाबलं.

माझ्या पाठीला काहीतरी गार, मऊ लागलं. मी लाकडाची जात. गुळगुळीत दार कसं लागतं ते मला कळतं. हे दार चार ठिकाणी ओलं होतं. परेशने मला उचललं तेव्हा माझ्या पाठीवर पांढरी पुट्टी लागली होती. स्वप्नाली पुढे आली. तिने दारावर नख फिरवलं, तशी पुट्टी सुटली आणि आत स्क्रूची भोकं दिसली.

"कोऱ्या दाराला भोकं कशी?"

"ते... पेंटरने कॅलेंडर लावलं असेल."

"दाराच्या बाहेरून?" स्वप्नाली म्हणाली.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे राहणाऱ्या लूर्डस आंटी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय गो, तुमी पन हाच फ्लॅट घेताय? अगो, हा विकलेला हाय! गेल्या महिन्यात एक जोडपं आलं, पाटी लावली. मग याच मानसाने कुलूप बदललं नि पाटी उखडून काढली. ती पोरगी पाटी हातात घेऊन जिन्यात रडत होती नि आमी सगळे दारं लावून बसलेलो. आज मी नाय गप बसनार."

हरेशने फोन कानाला लावला आणि बोलत बोलत जो जिना उतरला, तो परत आला नाही.

परेश पायरीवर बसला. स्वप्नालीने पिशवीतला चेक चाचपून पाहिला, मला छातीशी धरलं आणि ती एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं वाटत होतं की मी नुसतं ओझं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी किंमत कळली. आंटींनी दोघांना आत नेऊन चहा पाजला आणि त्या पोरीच्या घरच्यांचा ठावठिकाणा सांगितला. परेश दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासोबत पोलीस चौकीत साक्ष द्यायला गेला.

पुढे आंटींनीच आपल्या भावाचं, लेस्लींचं, घर सुचवलं. पश्चिमेला, जुन्या इमारतीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लेस्ली अंकल लेकीकडे राहायला निघाले होते. त्यांनी न मागता सगळे कागद टेबलावर ठेवले. "वकिलाला दाखव, सावकाश बघ. मी कुटे पळून नाय चाललो." वकिलाने होकार दिला, व्यवहार झाला आणि ताबा घेण्याच्या दिवशी अंकलनी आपली पाटी स्वतःच्या हाताने काढली. ते भोकं बुजवायला निघाले, तर स्वप्नालीने त्यांना थांबवलं.

"राहू द्या अंकल. त्यातच बसवू."

जयवंतराव गासवरून ड्रिल घेऊन आले होते. त्यांनी दारावरची भोकं मापून माझ्यावर खुणा केल्या आणि मला भोकं पाडली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण स्क्रू आत फिरला तेव्हा मला हायसं वाटलं. अंकलची पाटी माझ्याहून मोठी होती. तिचा फिकट डाग माझ्या कडेने अजून दिसतो. असू दे. या दारावर आधी कोण होतं, ते कुणी लपवलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारावरची पाटी अधूनमधून पुसा, तिच्यावर छत्र्या टांगू नका. आणखी एक मागणं आहे. जिन्यात रडलेल्या त्या पोरीची पाटी अजून कुठल्यातरी पिशवीत दाराची वाट बघते आहे. म्हणून सांगते, समोरच्या बंद दाराशी कुणी नवं जोडपं पाटी धरून उभं दिसलं, तर आपलं दार उघडून बाहेर या.